वालाच्या मुळांवरच्या गाठी

माझ्या सासरी वाल पेरत नसत. भात कापलं की शेत गुरांना मोकळं, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. मानपाड्याच्या अंगाची ती सगळी खाचरं थंडीत उघडीबोडकी पडलेली असायची, भेगाळलेली, आणि धसकटं अशी टणक की अनवाणी चालताना जीव जायचा. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं असेल. आता तिकडे कारखाने आहेत, बिल्डिंगी आहेत. त्या बिल्डिंगीतल्या बायका मला बाजारात विचारतात, "आजी, हे वाल कडू तर नाहीत ना?" मी म्हणते, "नाहीत हो, घ्या." यापलीकडे त्यांना काय सांगायचं?

माझं माहेर कल्याणच्या पलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला. तिथंही भातच, पण भाताचे भारे खळ्यावर पोचतात न पोचतात तोच शेतात नांगर फिरून वाल पडलेला असायचा. पावसाची ओल जमिनीत मुरलेली असते, वरून थंडीचं दव पडतं, तेवढ्यावर वाल येतो. त्याला पाणी नको, खत नको. बाबा म्हणायचे, भातामागून भात घेत राहिलं की जमीन थकते, मधे वाल असला की सावरते. कशी सावरते ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की चिडायचे. "पीक येतं ना? मग झालं. जा, गुरांना पाणी दाखव."

वाल फुलावर आला की ते एखादं रोप अलगद उपटायचे आणि मूळ पाण्यात खळबळून घ्यायचे. मुळांना बारीक गाठी लागलेल्या असायच्या, मोहरीएवढ्या, कधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक ते नखानं फोडायचे. आत लाल निघालं की खूश. पांढरं निघालं तर म्हणायचे, या जमिनीला वाल अजून लागला नाही. आणि ज्या शेतात कधीच वाल झालेला नाही तिथं पेरायचा असेल, तर जुन्या वालाच्या शेतातली माती बियाण्याला चोळायची, ही आमच्या घरची रीत. लहानपणी मीही ती चोळलेली आहे. हात कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि आई ओरडायची.

सासरी घरात मी, नवरा आणि सासू. सासरे कधीच गेले होते. सासूचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्यातून ती वाचली, पण पुढं तिची पोरं त्याच दुखण्यानं गेली आणि हा एकच मुलगा राहिला. देवीचा रोग आज कोणाला आठवतही नाही. तेव्हा तो दर थंडीत कुठल्या ना कुठल्या गावात असायचाच, आणि त्याला रोग म्हणायची सोय नव्हती. देवी अंगात येते, राहते, मनात आलं तर जाते, मनात आलं तर माणसाला नेते, असंच सगळे धरून चालायचे. सासू वाईट बाई नव्हती. हे मी आज म्हणते. तेव्हा मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणायची ते छापण्यासारखं नाही. नवरा कामाला वाघ, पण आईपुढं तोंडाला कुलूप.

मला मुलगा झाला. सावळा, टपोऱ्या डोळ्यांचा, भलता हट्टी. तो चालायला लागला त्या वर्षी आमचं भात फारच पातळ आलं. रोपं पिवळी, बारीक, लोंब्यांत निम्मे दाणे पोकळ. मी नवऱ्याच्या मागं लागले, एका खाचरात तरी वाल टाकू या. तो हो म्हणेना की नाही म्हणेना. शेवटी मी बाबांना निरोप धाडला. बाबा बियाणं घेऊन आले, आणि बियाण्याबरोबर माहेरच्या शेतातल्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन आले. एवढ्या लांबून, चालत. मला रडूच कोसळलं. सासू ओटीवर बसून बघत होती. बाबा गेल्यावर म्हणाली, "आमचे गावान माती नव्हती का गो? परक्या गावची माती आनून शेतान टाकतंस!"

"आई, एकदा वाल येऊ द्या, मग बोला," मी म्हटलं. मला वाटलं होतं, पीक असं येईल की हिचं बोलणंच बंद होईल. तेव्हा मी अशीच होते. कोणाला तरी दाखवून द्यायचं असलं की मला दुप्पट जोर यायचा.

वाल पेरत होतो त्याच दिवशी गावात देवी काढणारा आला. लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला आमच्याकडे असंच म्हणायचे. तो वेशीवर दिसला की अर्ध्या गावातली पोरं गायब व्हायची. मी शेतात होते. संध्याकाळी घरी आले तर सासू अगदी खुशीत. पोराला तिनं भाताच्या कणगीमागं पेंढ्यात लपवलं होतं आणि "घरान पोर नाय" म्हणून त्या माणसाला वाटेला लावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेरी आम्हा सगळ्या भावंडांना टोचलेलं होतं. मी चोळीची बाही वर करून दंडावरचे वण तिच्यापुढं धरले. म्हटलं, हे बघा, मला काही झालं का? ती म्हणाली, "देवीला सुईनं डिवचायचं? आन ती चवताळली मंजे?"

मी नवऱ्याला म्हटलं, उद्या कल्याणच्या दवाखान्यात घेऊन जाऊ, तिथं टोचतात. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुढचे वरसी बघू," म्हणाला. झालं. दुसऱ्या दिवसापासून सासू पोराला कडेवरून खालीच ठेवीना. मी विहिरीवर गेले तरी तो तिच्याकडे, निजला तरी तिच्या कुशीत. मी पोराला घेऊन पळेन अशी तिला भीती होती, आणि ती भीती खरी होती. मी वाट बघत होते.

वाल मात्र असा आला की काय सांगू! सगळीकडे वाळलेली पिवळी धसकटं आणि मधे आमचं एकच खाचर हिरवंगार. पांढरी, जांभळट फुलं. जाणारी-येणारी माणसं बांधावर उभी राहायची. मी एक रोप उपटून पाहिलं. मुळं गाठींनी लगडलेली, आणि फोडलेल्या गाठीत लाल. बाबांची माती लागू पडली होती. जमीनसुद्धा बदललेली कळत होती. वालाच्या पानांखाली ती सावलीत ओलसर राहायची, मुठीत धरली की मऊ लागायची, तिला चांगला वास यायचा. मी त्या दिवशी शेतात एकटीच हसले, हे मला स्वच्छ आठवतं.

मग खालच्या आळीत देवी आल्या. आणि मग आमच्या घरात.

ताप चढला, उतरल्यासारखा झाला, आणि तोंडावर पहिले फोड दिसले. सासूनं दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, उंबऱ्याच्या आत चपला बंद, औषधाचं नाव काढायचं नाही. आणि पोराला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. त्याच्या अंगात देवी बसलेली, म्हणून त्याला 'आई' म्हणायचं. तो पाण्यासाठी रडायचा आणि मी, त्याची जन्मदाती, हात जोडून त्याला म्हणायची, "आई, शांत हो. आई, पाणी घे." तो माझ्याकडे बघत राहायचा. ही असं काय बोलते, ते त्याला कळायचं नाही. फोडांनी पापण्या चिकटून बंद होईपर्यंत तो माझ्याकडे तसाच बघत होता.

तो गेला. रडायचं नव्हतं. रडलं तर देवीचा अपमान होतो, मग ती जाता जाता आणखी कोणाला उचलते. माणसं त्याला खाडीच्या अंगाला घेऊन गेली आणि पुरून आली. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. पोटात दुसरं मूल होतं, पण ते मला अजून नीट कळलेलं नव्हतं.

घरातलं दुखणं निवळल्यावर सासू एकटीच शेतावर गेली. आजारपणात तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. ती परत आली ती पदरात वालाची रोपं घेऊन. अंगणात बसून तिनं मुळं धुतली. शेजारच्या बायका जमल्या. मी दारात उभी होते.

"हे काय हाय?" तिनं मला विचारलं.

"गाठी आहेत. वालाला असतात."

"फोड हायत. देवीचे फोड. जमिनीच्या अंगावर आलेत." तिनं एक गाठ नखानं फोडली आणि ते बोट सगळ्यांपुढं धरलं. "रगत हाय त्यान. पाल्याला कदी रगत असतं?"

बायका मागं सरल्या. एकीनं तिथंच जमिनीला डोकं टेकलं. खरं सांगायचं तर ते रक्तासारखंच दिसत होतं. मी लहानपणापासून बघत आले होते म्हणून मला तसं कधी वाटलं नव्हतं, एवढंच.

मी जीव तोडून सांगायला लागले. अहो, आमच्याकडे दर वर्षी या गाठी असतात, लाल निघाली की माझे बाबा खूश होतात, आमच्या घरात कोण मेलं कधी? सासू शांतपणे म्हणाली, "तुमची देवी तुमच्या गावची. ती तिथं नांदते, तुमाला काय करील? तू तिला पाटीन घालून इथं आनलीस." मी पुन्हा तेच सांगितलं, तिनंही पुन्हा तेच. बायका तिच्याकडे बघून माना डोलवत होत्या. माती परक्या गावची होती, हे तर खरंच होतं. तेवढंच त्यांना पुरेसं होतं.

शेवटी माझा तोल सुटला. मी ओरडले, "पोराला कणगीमागं लपवलं कोणी? टोचू दिलं नाही कोणी? वाल नंतर आला, आधी तुम्ही!"

नवरा गोठ्यातून धावत आला आणि मला म्हणाला, "गप बस." सासूनं वर बघितलंच नाही. ती एकामागून एक गाठी फोडत राहिली, बोटांची टोकं लाल होईपर्यंत. मला तेव्हा नुसता संताप होता. पुढं, स्वतः म्हातारी झाल्यावर, माझ्या लक्षात आलं की त्या गाठी देवीच्या नसत्या तर नातू तिच्याच हातानं गेला असं झालं असतं. ते तिला सोसलं नसतं. म्हणून त्या देवीच्याच असायला हव्या होत्या.

आता त्या उभ्या वालाचं करायचं काय? जाळायचा नाही, देवीच्या वस्तूला आग लावली तर ती भडकते. गुरांना घालायचा नाही. शिवेबाहेर टाकायचा नाही, दुसरं कोणी शिवेल. देवीला थंड करायचं असतं. सासूनं ठरवलं, उगवला तिथंच पुरायचा. नवऱ्यानं नांगर जोडला. वालानं जमीन भुसभुशीत ठेवली होती म्हणून त्या दिवसांतही फाळ आत गेला. फुलं, कोवळ्या शेंगा, पाला, सगळं मातीखाली गेलं. मागून सासू ताक शिंपत आणि कडुनिंबाचा पाला टाकत चालली होती. या खाचरात वर्षभर विस्तव न्यायचा नाही, असंही तिनं सांगितलं. म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात तो राबसुद्धा तिथं भाजायचा नाही. मी बांधावर बसून बघत होते. हे माझं पोर दुसऱ्यांदा पुरतायत असं मला वाटत होतं, आणि रडायची अजूनही परवानगी नव्हती.

पाऊस लागला, लावणी झाली. श्रावण सरता सरता गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या त्या एका खाचरातलं भात बाकीच्यांपेक्षा उंच गेलं होतं, आणि रंग असा गडद की लांबून काळपट दिसायचं. फुटवे भरगच्च. शेजारचं खाचर आमचंच, तेच बियाणं, तीच लावणी, पण तिथं पिवळी बारीक रोपं. मधे फक्त एक बांध. लोंब्या भरल्या तसं आमचं भात वजनानं वाकलं. मी जड पोटानं बांधावर जाऊन उभी राहायची. मला दिसत होतं काय झालंय ते. वाल मातीच्या पोटात गेला होता, जमीन उठली होती. बाबांचं म्हणणं डोळ्यांसमोर उभं होतं.

सासूलाही ते दिसलं. ती शेताच्या कडेला बसली, नारळ फोडला, आणि माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाली, "रडू नको आता. देवीनं पोर नेला, पन शेत भरून दिलं."

मला वाटलं, ते सगळं भात मुळापासून उपटून टाकावं. पण ते आम्हालाच खायचं होतं. खाल्लं. मुलगी झाली त्यानंतर बाळंतपणात तोच भात मला वाढला, आणि सासू पानाशी बसून आग्रह करत होती.

थंडी पडली तशी माझी झोप उडाली. देवी काढणारा पुन्हा येणार होता, आणि देवीही पुन्हा येणार होत्या. मुलगी महिना-दीड महिन्याची. मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं, या वेळी टोचायचं. तो म्हणाला, आईला विचारतो. सासूचं उत्तर तयारच होतं. आता तर तिच्याकडे पुरावा होता, डोळ्यांदेखत उभा राहिलेला, कापून कणगीत भरलेला. देवी आपल्यावर प्रसन्न आहे, तिनं दिलेलं धान्य घरात आहे, आणि तिच्याच तोंडावर पोरीला सुई लावायची? गेल्या वर्षी ती नुसतं "चवताळेल" म्हणत होती, आता सगळा गाव तिच्या बाजूनं शेताकडे बोट दाखवत होता. माझ्याच वालानं माझ्या पोरीचा गळा धरला होता. आणि हे मी कोणाला सांगणार? जो तो म्हणायचा, एवढं पीक आलं, आणखी काय पाहिजे तुला?

एके सकाळी सासू गोठ्यात शेण भरत होती तेव्हा मुलीला फडक्यात गुंडाळलं आणि मागच्या दारानं निघाले. पळाले नाही, पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात. कल्याणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मागं कोणी आलं का ते बघायचंही धाडस झालं नाही. तिथल्या माणसानं मुलीच्या दंडावर औषध लावून टोचलं. ती किंचाळली. मी तिला पोटाशी धरून दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि तिथं, एवढ्या माणसांत, मोठ्यानं रडले. दोन्ही पोरांसाठी मिळून रडले. तिथं कोणी मला गप बस म्हटलं नाही.

मला माहेरी जाता आलं असतं, पण मी सासरी परत गेले. माझं घर होतं ते. सासूनं फडकं बाजूला करून दंड बघितला. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. आत गेली, माझी पत्र्याची ट्रंक उचलून अंगणात आणून ठेवली, आणि दार ओढून घेतलं. नवरा बाहेर उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आता बोलेल, आता बोलेल. त्यानं ट्रंक उचलली आणि मला माहेरी पोचवून आला. मुलीच्या दंडावर फोड उठला, ताप आला, उतरला, खपली धरली. त्या साथीत सासरच्या गावात पुन्हा पोरं गेली. आमची मुलगी इकडे बाबांच्या अंगणात लोळत होती.

मी मराठी सातवी झालेली होते, म्हणून शाळेत मास्तरीण म्हणून लागले. पुढं ट्रेनिंगला ठाण्याला पाठवलं. त्या काळात मास्तरांनाही सूत कातायला आणि वाफे करायला शिकवत. एके दिवशी शेतीच्या तासाला गुरुजींनी शेंगवर्गातल्या एका रोपाचं मूळ धुऊन बशीत ठेवलं आणि गाठ चिरून भिंगाखाली धरली. एकेकीनं पुढं येऊन बघायचं. माझी पाळी आली तेव्हा मी मागचीला पुढं जाऊ दिलं.

गुरुजी सांगत होते ते मला शब्दशः आठवतं असं नाही, पण गोष्ट अशी. हवेत नत्र भरपूर आहे, पण ते भाताला हवेतून घेता येत नाही. भात जमिनीतल्या नत्रावर जगतं, आणि दर वर्षी आपण ते कापून घरी नेतो. जमीन रिकामी होत जाते. वालाच्या मुळाला मात्र मातीतले सूक्ष्म जीव येऊन चिकटतात, त्यांच्यासाठी तो गाठीचं घर करतो. वाल त्यांना साखर पुरवतो, ते हवेतलं नत्र धरून वालाला देतात. झाड मातीत कुजलं की तिथले दुसरे असंख्य जीव त्यावर जगतात, ते फोडतात, आणि नत्र पुढच्या पिकाला मिळतं. फुलावर आलेला हिरवा वाल गाडला तर सगळ्यात जास्त. ज्या मातीत हे जीव नाहीत तिथं जुन्या शेतातली माती नेऊन टाकावी. आणि गाठ आतून लाल असली की ती जिवंत, काम करणारी. लाल रंग आपल्या रक्तातल्या रंगाच्याच जातीचा, असंही ते म्हणाले.

म्हणजे सासू अगदीच चुकली नव्हती! मी वर्गातून उठून बाहेर गेले. सगळं बरोबर केलं होतं आम्ही, मातीसुद्धा, गाडणंसुद्धा. फक्त ज्याला टोचायचं त्याला टोचलं नव्हतं. मला कोणाचा तरी गळा धरावासा वाटत होता आणि धरायला कोणी नव्हतं.

नवरा आला तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. मधल्या काळात तो कधी आला नव्हता. भात कापून झालं होतं, बाबांच्या शेतात वाल गुडघ्याएवढा होऊन फुलावर आला होता. तो ओटीवर टेकला, पाणी प्याला, बराच वाळला होता. हळूहळू बोलायला लागला. त्या खाचरात दुसऱ्या वर्षी भात बरं आलं, मग पूर्वीसारखं, आणि आता पूर्वीपेक्षाही वाईट. वाल तर नाहीच, आणि देवीच्या धाकानं राबही कोणी भाजत नाही. आई थकली आहे. तिचं म्हणणं, पोरीला सुई लावली म्हणून देवी रुसली. पोरीला घेऊन ये, एकदा देवीच्या पायांवर घाल, मग सगळं सुरळीत होईल.

"वा!" मी म्हटलं. "भात आलं ते पोर नेलं म्हणून, आणि भात गेलं ते पोरगी जगली म्हणून? मी करायचं तरी काय, सांगा!"

त्यानं मान खाली घातली. मला आणखी बोलायचं होतं, वर्षानुवर्षं साठलेलं होतं, पण त्याची ती मान बघून माझ्यानं बोलवेना. मी म्हटलं, चला, शेतावर चला. बांधावर बसून मी एक रोप उपटलं, पाटाच्या डबक्यात मूळ धुतलं, आणि गाठ फोडून त्याच्या तळहातावर ठेवली. तो दचकला, पण त्यानं हात मागं घेतला नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं, पोरांना वर्गात सांगते तसं, सावकाश. हवेतलं काय, मातीतले जीव काय, नांगराखाली गेलेला वाल काय. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंजे आपन पुरला, त्याचाच खत झाला? देवीनं नाय दिलं?"

"नाही."

तेवढ्यात मुलगी आम्हाला शोधत आली. त्याला ती ओळखत नव्हती. माझ्या मांडीवर रेलून त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या झग्याला बाह्या नव्हत्या. त्यानं तिच्या दंडावरच्या वणावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

"तिला दुखलं का गो, टोचलं तवा?"

"थोडं ठणकलं. ताप आला, उतरला. मग खपली पडली."

त्यानं त्या वणावरून एकदा अंगठा फिरवला. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "त्याला पन येवरंच दुखलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."